काजू बागेतील छाटणी: कोठे, कधी आणि किती?

कोकणात आंब्याच्या झाडाला करवत लावायला शेतकरी आता फारसा कचरत नाही. काजूच्या बाबतीत मात्र अजूनही "काजूला छाटणी लागत नाही, ते रानातले झाड आहे" असेच ऐकायला मिळते. बियांपासून वाढलेल्या, वरकस जमिनीत दूर दूर उभ्या असलेल्या जुन्या झाडांपुरते ते खपून गेले. आज बहुतेक बागा कलमांच्या आहेत. सात किंवा आठ मीटर अंतरावर लावलेली ही कलमे आठ-दहा वर्षांत एकमेकांना भिडतात. त्यानंतर झाडे वाढत राहतात आणि बी कमी होत जाते. खत वाढवूनही फरक पडत नाही, कारण अशा बागेत मुख्य कमतरता उजेडाची असते.

या लेखात कलमी काजू बागेची छाटणी वयानुसार कशी करावी, ती कोणत्या महिन्यात करावी आणि छाटणीनंतर झाड खोडकिडीपासून कसे वाचवावे याची माहिती दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- काजूचा मोहोर उन्हातल्या नवीन पालवीच्या शेंड्यावर येतो. सावलीतली फांदी पाने देते, बी देत नाही.
- पहिल्या तीन-चार वर्षांत झाडाला वळण दिले तर पुढे मोठी करवत लागत नाही.
- मुख्य छाटणी बी काढणी संपताच, पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावी. सप्टेंबर अखेरीनंतर शेंडे छाटू नयेत.
- एका वर्षी झाडाचा पाव ते एक तृतीयांशपेक्षा जास्त विस्तार काढू नये.
- मोठ्या प्रत्येक कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी.

काजूला बी कोठे लागते?

छाटणी करण्याआधी ही एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पावसाळा ओसरल्यावर, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून काजूला नवीन पालवी फुटते. ही पालवी पक्व झाली की तिच्या टोकाला मोहोर येतो. कोकणात मोहोराचा मुख्य काळ नोव्हेंबर ते जानेवारी असतो आणि बी फेब्रुवारी ते मे दरम्यान काढणीस येते. थोडक्यात, यंदाचे पीक यंदाच्या पालवीच्या शेंड्यावर असते. ज्या शेंड्याला ऊन मिळाले तोच मोहोरतो.

त्यामुळे काजूचे झाड म्हणजे एखादी उघडी छत्री समजावी. पीक छत्रीच्या बाहेरच्या कापडावर असते, आतल्या काड्यांवर नाही. दोन झाडांच्या छत्र्या भिडल्या की बाजूचे कापड सावलीत जाते. खालच्या फांद्या पाने गाळतात, वाळतात आणि फळणारा भाग फक्त डोक्यावर उरतो. झाड दहा-बारा मीटर उंच झालेले असते, पण पीक वरच्या थरात असते. तिथे ढेकण्यासाठी फवारणी पोहोचत नाही.

छाटणीचा हेतू झाड लहान करणे एवढाच नाही. उन्हात येणाऱ्या शेंड्यांची संख्या वाढवणे हा खरा हेतू आहे. एखादी फांदी काढावी की ठेवावी असा प्रश्न पडला तर एवढेच पाहावे: ती काढल्याने दुसऱ्या किती शेंड्यांना ऊन मिळणार आहे?

बाग छाटणीला आली आहे हे कसे ओळखावे?

दुपारी बाराच्या सुमारास बागेत झाडाखाली उभे राहावे. जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसत नसतील, शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकांत शिरल्या असतील आणि आतल्या फांद्या पानांविना काठीसारख्या दिसत असतील, तर बाग दाटली आहे.

याहून खात्रीची पद्धत म्हणजे काढणीच्या काळातच निरीक्षण करणे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी वेचताना ज्या जाड फांद्यांवर मोहोरच आला नाही, त्यांना रंगीत चिंधी बांधून ठेवावी. मे महिन्यात सगळी फांदी सारखीच हिरवी दिसते आणि करवत हातात असलेला मजूर सोयीची फांदी कापतो. चिंधी बांधलेली असेल तर कापायची फांदी आधीच ठरलेली असते.

पहिली चार वर्षे: वळण देणे

काजूतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे.

*पहिले वर्ष.* कलमाच्या जोडाखाली खुंटावर येणारे फुटवे नियमित काढावेत. हे फुटवे कलमापेक्षा जोमाने वाढतात आणि काही महिन्यांत कलम मागे पडून खुंटच झाड होऊन बसते. शेतकरी वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ लावल्याचे सांगतो आणि बी मात्र बारीक निघते, तेव्हा अनेकदा कारण हेच असते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारावी. फुटवा कोवळा असताना हाताने मोडता येतो. वाऱ्याने कलम कलंडू नये म्हणून काठीचा आधार द्यावा.

*पहिली दोन वर्षे.* कलमांना लवकर मोहोर येतो. तो काढून टाकावा. या वयात चार-सहा बियांसाठी झाडाची वाढ खुंटवणे परवडत नाही. तिसऱ्या वर्षापासून पीक घ्यावे.

*दुसरे ते चौथे वर्ष.* जमिनीपासून पाऊण ते एक मीटर उंचीपर्यंत एकच सरळ खोड ठेवावे. त्याखालच्या फांद्या टप्प्याटप्प्याने काढाव्यात. एकाच वेळी सर्व काढल्यास बारीक खोडाला वरचा भार पेलत नाही. एक मीटरच्या वर वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या, खोडाशी रुंद कोन करणाऱ्या चार-पाच फांद्या ठेवाव्यात. दोन फांद्या एकाच जागेतून अरुंद कोनात वर जात असतील तर त्यांतील एक काढावी. असा सांधा पुढे वादळात चिरतो.

झाड ४ ते ५ मीटर उंचीचे झाले की मुख्य शेंडा एखाद्या जोमदार बाजूच्या फांदीवर कापून उंचीची वाढ थांबवावी. त्यामुळे फवारणी आणि निरीक्षण दोन्ही आटोक्यात राहतात.

खालच्या फांद्या लहानपणीच काढण्यामागे आणखी एक कारण आहे. काजूचा सर्वांत घातक शत्रू असलेली खोडकीड, म्हणजे रोठा, प्रामुख्याने जमिनीपासून एक मीटरपर्यंतच्या खोडावर आणि उघड्या मुळांवर अंडी घालते. बोटाएवढी फांदी दुसऱ्या वर्षी कात्रीने काढली तर जखम काही महिन्यांत भरून येते. तीच फांदी बाराव्या वर्षी करवतीने काढली तर ताटलीएवढी जखम नेमकी रोठ्याच्या जागेत उघडी पडते. म्हणूनच बारा वर्षांच्या झाडाला बुंध्याजवळ मोठी निरोगी फांदी असेल, तर केवळ झाड देखणे दिसावे म्हणून ती काढू नये.

फळणाऱ्या बागेची दरवर्षीची छाटणी

पुढील क्रमाने काम करावे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या तीन पायऱ्यांतच अनेकदा पुरेसा उजेड मिळतो.

१. वाळलेल्या, रोगट आणि मोडलेल्या फांद्या काढाव्यात. फांदीमर असेल तर वाळलेल्या भागाच्या खाली निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावे.

२. बांडगूळ असलेल्या फांद्या काढाव्यात. बांडगुळाची मुळी फांदीच्या लाकडात शिरलेली असते. नुसता वरचा झुपका तोडल्यास ते पुन्हा फुटते. शक्य तेथे बांडगुळाच्या गाठीच्या खालून फांदीच कापावी. बांडगुळाला फळे येण्यापूर्वी हे काम झाले तर पक्ष्यांमार्फत होणारा प्रसार थांबतो.

३. एकमेकांवर घासणाऱ्या, आतल्या बाजूला वळलेल्या आणि जाड फांद्यांवर सरळ उभ्या वाढणाऱ्या जोमदार फुटव्यांची विरळणी करावी.

४. शेजारच्या झाडात शिरलेल्या फांद्या मागे घ्याव्यात. सात मीटर अंतराच्या बागेत झाडाचा घेर सहा मीटरच्या आसपास ठेवला तर दोन झाडांमध्ये सुमारे एक मीटर उजेडाची वाट राहते. फांदी मधेच कुठेही तोडू नये. जिथे बाजूची उपफांदी निघाली आहे त्या जागेच्या लगेच पुढे कापावे.

५. मध्यभाग फारच दाट असेल तर मधली एखादी उभी जाड फांदी काढून वरून ऊन आत येईल अशी खिडकी करावी. एका झाडावर एका वर्षी अशा एक किंवा दोनच फांद्या काढाव्यात.

सर्व फांद्यांचे शेंडे सरसकट कातरून झाडाला गोल आकार देणे टाळावे. अशा कातरणीनंतर कापाच्या जागी झुडपासारखी दाट पालवी येते आणि आतला अंधार पूर्वीपेक्षा वाढतो.

छाटणी कधी करावी?

येथे दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. छाटणीनंतर फुटलेली पालवी मोहोराच्या आधी पक्व व्हायला हवी. त्याच वेळी ताज्या जखमा मुसळधार पावसात भिजत राहता कामा नयेत.

*मे महिन्याचा दुसरा पंधरवडा ते पावसाची सुरुवात.* फांद्या मागे घेणे, मध्यभाग उघडणे अशी मोठी कामे बी काढणी संपताच करावीत. जखमेवरची पेस्ट सुकायला कोरडे दिवस मिळतात आणि नवीन फुटीला पूर्ण पावसाळा मिळतो. बागेचा काही भाग उशिरा फळत असेल तर तो शेवटी घ्यावा.

*जून-जुलै.* मोठी छाटणी करू नये. सततच्या पावसात पेस्ट धुऊन जाते आणि कापातून बुरशी शिरते. वाऱ्याने मोडलेली फांदी मात्र उघडीप मिळताच नीट कापून घ्यावी.

*ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा.* उघडीप पाहून हलकी विरळणी करावी. वाळक्या फांद्या, पावसाळ्यात आलेले उभे फुटवे आणि बांडगूळ काढावे. याच सुमारास खते द्यायची असल्याने दोन्ही कामे एका फेरीत होतात.

*ऑक्टोबरपासून काढणीपर्यंत.* शेंडे छाटू नयेत. या काळात कापलेला प्रत्येक शेंडा म्हणजे त्या वर्षीचा एक गेलेला मोहोर.

कापण्याची पद्धत

कोयत्याने घाव घालून फांदी तोडण्याची सवय मोडायला हवी. कोयत्याने लाकूड चिरते, साल सोलवटते आणि जखम भरत नाही. बोटापर्यंतच्या फांदीसाठी छाटणीची कात्री आणि त्याहून जाड फांदीसाठी धारदार करवत वापरावी.

जाड फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर खालच्या बाजूने, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत द्यावा. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे वरून द्यावा. फांदीचे वजन खाली पडते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसऱ्या कापात उरलेला खुंट काढावा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर कंगोरा दिसतो. जखम भरणारी साल त्याच कंगोऱ्यातून वाढते, म्हणून तो कापू नये आणि त्याच्या बाहेर लांब खुंटही ठेवू नये. लांब ठेवलेला खुंट वाळतो, कुजतो आणि कूज खोडात उतरते.

रोगट झाडावर काम केल्यानंतर अवजारे निर्जंतुक करूनच पुढच्या झाडाला लावावीत. काजूचा चीक अंगावर उततो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे वापरावेत.

बोर्डो पेस्ट

१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे. थोड्या झाडांसाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी पुरते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत, अर्ध्या-अर्ध्या पाण्यात कालवावेत, मग एकत्र करून ढवळावेत. लोखंडी भांडे वापरू नये. तयार पेस्टमध्ये लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवावी. पात्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुना घालावा. पेस्ट त्याच दिवशी वापरावी. कापलेल्या जागेवर आणि तिच्या भोवतीच्या सालीवर ब्रशने जाड थर द्यावा.

झाड उघडल्यानंतर वर्षानुवर्षे सावलीत असलेली जाड फांद्यांची साल अचानक उन्हात येते आणि पश्चिमेकडून भाजते, चिरते. अशा फांद्यांना चुन्याचा हात द्यावा.

जुनी, दाटलेली बाग: एकदम की टप्प्याने?

वीस-पंचवीस वर्षांच्या बागेचा मालक छाटणीला का घाबरतो, हे त्याच्या जागी उभे राहिल्यावर कळते. मोठी छाटणी केलेल्या वर्षी त्या झाडाचे पीक घटू शकते. ज्याच्या घराचा वर्षाचा खर्च काजूच्या बीवर आहे त्याला "पुढच्या दोन वर्षांत भरून निघेल" हे सांगून भागत नाही.

यावर व्यवहार्य उपाय म्हणजे बागेचे तीन भाग करणे. पहिल्या वर्षी सर्वांत दाट भाग छाटावा, पुढच्या वर्षी दुसरा आणि तिसऱ्या वर्षी उरलेला. एका झाडावरही काम दोन-तीन वर्षांत विभागावे. उत्पन्नाला एकदम खड्डा पडत नाही आणि पहिल्या भागात आलेला फरक डोळ्यांनी पाहून पुढचे ठरवता येते. त्यासाठी तिन्ही भागांचे बी वेगळे वजन करून वहीत लिहावे.

मी विस्तार कार्यात नवीन असताना कुडाळ तालुक्यातील एका शेतकऱ्याला जुनी बाग उघडण्याचा सल्ला दिला होता. किती कापावे हे सांगितले, पण कापानंतर काय करावे हे पुरेसे ठसवले नाही. त्यांनी उत्साहाने सर्व झाडे एकाच जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, मोठ्या प्रमाणात छाटली. पेस्ट लावली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा अनेक बुंध्यांशी लाकडाचा भुसा पडलेला होता आणि काही झाडे पिवळी पडली होती. त्यांनी मला दोष दिला नाही, हेच अधिक लागले. तेव्हापासून पेस्टचे सामान बागेत आल्याशिवाय मी करवत काढू देत नाही.

झाडे फारच जवळ असतील तर छाटणीने प्रश्न सुटत नाही. ४ × ४ मीटरवर हेक्टरी ६२५ झाडे लावलेली बाग सुरुवातीला जास्त उत्पन्न देते, पण झाडे भिडू लागली की एकाआड एक झाड काढत शेवटी ८ × ८ मीटर, म्हणजे हेक्टरी १५६ झाडांवर आणावी लागते. ज्याला झाडे काढायची नाहीत त्याने दरवर्षी छाटणीची तयारी ठेवावी.

निकृष्ट बी देणाऱ्या झाडाचे खोड पाऊण ते एक मीटरवर कापून नवीन फुटव्यांवर चांगल्या जातीचे कलम करण्याची पद्धतही आहे. मात्र त्यात खोडाची सर्वांत मोठी जखम रोठ्याच्या पट्ट्यातच येते आणि झाडे मरण्याचा धोका मोठा असतो. कुशल कलम करणारा आणि दर महिन्याला पाहणी करणारा माणूस असेल तरच हा मार्ग घ्यावा. अन्यथा ते झाड काढून नवीन कलम लावणे बरे.

छाटणीनंतरची काळजी

*रोठा.* छाटणीनंतर किमान सहा महिने दर महिन्याला बुंधा आणि उघडी मुळे तपासावीत. बारीक छिद्रे, त्यांतून येणारा भुसा आणि डिंक ही सुरुवातीची लक्षणे आहेत. पाने पिवळी पडेपर्यंत थांबल्यास उशीर होतो. पटाशीने तेवढीच पोखरलेली साल काढून आतील अळ्या तारेच्या आकड्याने बाहेर काढून माराव्यात आणि जखम साफ करावी. कीटकनाशक वापरायचे असल्यास त्या वर्षीची विद्यापीठाची शिफारस सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून घ्यावी. वाचण्यापलीकडे गेलेले झाड मुळासकट काढून बागेबाहेर न्यावे. किडलेले लाकूड बागेत रचून ठेवणे म्हणजे किडीला घर देणे.

*ढेकण्या.* छाटलेल्या झाडाला कोवळी पालवी भरपूर येते आणि ढेकण्याला तीच आवडते. पालवी फुटताना, मोहोर येताना आणि बी धरताना पाहणी करून शिफारशीप्रमाणे फवारणी घ्यावी. झाड मोकळे असल्यामुळे औषध आतपर्यंत पोहोचते.

*खत.* दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार पूर्ण वाढलेल्या कलमास दरवर्षी १ किलो नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश द्यावे. म्हणजे साधारण २.२ किलो युरिया, १.५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. सोबत शेणखत द्यावे. छाटणीतला निरोगी पाला आळ्यात आच्छादन म्हणून पसरावा, पण बुंध्याला लागून ढीग करू नये.

सुरुवात कोठून करावी?

ज्यांनी आजवर काजूला करवत लावली नाही त्यांनी यंदा फक्त दहा झाडे निवडावीत. बी वेचताना चिंध्या बांधाव्यात, मे अखेरीस त्या फांद्या काढून पेस्ट लावावी, दर महिन्याला बुंधा पाहावा आणि शेजारच्या न छाटलेल्या दहा झाडांचे बी वेगळे मोजावे. दोन हंगामांनंतर उरलेल्या बागेचे काय करायचे हे त्यांच्या स्वतःच्या वहीतले आकडेच सांगतील.